क्लच जड लागतो? जोरकस गाड्यांच्या क्लच पेडलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजवर टर्बो पेट्रोल गाड्या, रिमॅप केलेली (संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) डिझेल इंजिनं आणि जुन्या स्पोर्टी हॅचबॅक बऱ्याच येतात. त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. परवा शिरपूरकडचे एक काका गाडीतून उतरले आणि मांडीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, मना डावा पाय दुखस." इंजिनबद्दल त्यांची एका शब्दाची कुरकूर नव्हती. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

पेडल "जड" आहे हे ठरवायचं कसं? मला सवय नसेल असंही असू शकतं ना?

असू शकतं. म्हणून आम्ही आधी मोजतो. ब्रेक तपासताना पेडलवर बांधायचा जो फोर्स गेज असतो, तोच क्लचच्या पेडलला बांधतो आणि सावकाश दाबत नेतो. रोजच्या वापरातल्या साध्या कारला सर्वसाधारणपणे ८० ते १३० न्यूटन, म्हणजे ८ ते १३ किलोच्या आसपास जोर लागतो. १५० च्या वर गेलं की ट्रॅफिकमध्ये पाय बोलायला लागतो. २०० च्या पुढे असेल, तर ती गाडी रोज शहरात चालवणं शिक्षाच आहे.

गेज नसेल तर त्याच मॉडेलची, कमी चाललेली दुसरी गाडी चालवून बघा. दोन मिनिटांत फरक कळतो. मोजमाप किंवा तुलना झाल्याशिवाय कुठलाही पार्ट विकत घेऊ नका.

ताकदीच्या गाडीचा क्लच मुळातच जड का असतो?

क्लचप्लेट ही फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्या दाबाच्या आणि घर्षणाच्या जोरावर गिअरबॉक्सकडे जातो. हिशोब सोपा आहे: घर्षणाचा गुणांक, दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या या चारांचा गुणाकार म्हणजे क्लच किती टॉर्क पेलेल ते.

एक उदाहरण घेऊ. गुणांक ०.३, त्रिज्या ९० मिलिमीटर, बाजू दोन आणि दाब ५००० न्यूटन. गुणाकार केला की २७० न्यूटन मीटर येतात. आता इंजिन ४०० न्यूटन मीटर देऊ लागलं आणि प्लेट तीच ठेवली, तर दाब जवळजवळ ७४०० न्यूटन हवा. तो दाब देते डायफ्राम स्प्रिंग, म्हणजे ताटलीसारखी पाकळ्यांची स्प्रिंग, आणि तुमचा पाय याच स्प्रिंगशी झुंजतो. दाब दीडपट झाला की पायावरचा भारही साधारण त्याच पटीत चढतो.

पायापासून स्प्रिंगपर्यंत मध्ये तरफा आहेत म्हणून आपल्याला हे जमतं. पेडल स्वतः एक तरफ, मग केबल किंवा (हायड्रॉलिक गाडीत) ऑइल ढकलणारा मास्टर आणि ते झेलणारा स्लेव्ह सिलिंडर, मग फोर्क हा दांडा, आणि शेवटी डायफ्रामच्या पाकळ्या, त्याही तरफच. ओझं उचलायच्या अनेक चाकांच्या कप्पीसारखंच आहे हे. जोर कमी हवा असेल तर दोर जास्त ओढावा लागतो. क्लच हलका करण्याच्या प्रत्येक उपायात हा व्यवहार होतो, त्यामुळे खाली दर वेळी एकच प्रश्न विचारत राहा: इथे मी काय देतोय?

माझा क्लच आधी बरा होता, गेल्या वर्षभरात जड झालाय. काय करू?

येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक याच प्रकारातल्या असतात. जो क्लच *होता होता* जड झाला, त्याला बूस्टर, नवी तरफ, छोटा सिलिंडर असलं काहीही लावू नका. कुठेतरी काहीतरी अडतंय किंवा झिजलंय. ते शोधायचं.

केबलची गाडी असेल तर पहिला संशय केबलवर. मागच्या मे महिन्यात अमळनेरहून एक जुनी हॅचबॅक आली होती. इंजिन सुरेख बांधलेलं, पण पेडल दगडासारखं. आम्ही केबल काढली, टेबलावर ठेवून ग्राइंडरने लांबीत चिरली. आतल्या तारेचे चार पदर तुटून वर आले होते, आणि टर्बोजवळून जाणाऱ्या हातभर भागात प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं. बाकीच्या लांबीत काळ्या मातीची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून काजळासारखा लगदा झालेला. नवी केबल टाकली, टर्बोपासून चार बोटं लांबून नेली, उष्णतेचं आवरण चढवलं. गेजवर १९० चे १२० झाले. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

केबल नवी टाकताना ती कुठे मुरडते ते जरूर बघा. तीव्र वळण म्हणजे घर्षण, मग केबल कितीही चांगली असो. आणि आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल किंवा ग्रीस ओतू नका. आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो.

दुसरा संशय गिअरबॉक्सच्या हाऊजिंगमध्ये. फोर्क ज्या गोळीवर टेकतो ती कोरडी पडते, फोर्कला तिथे खड्डा पडतो. डायफ्रामच्या पाकळ्या दाबणारं रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिच्यावर ओरखडे पडतात आणि बेअरिंग अडखळत चालतं. पेडल दाबताना करकर असा आवाज किंवा पायाला बारीक थरथर जाणवली, तर बहुधा हेच. इथे उष्णता सोसणारं ग्रीस लागतं, तेही बोटाच्या टोकाला येईल इतकंच. जास्त लावलं तर उडून प्लेटवर जातं आणि क्लच धक्के देतो.

तिसरं कारण पुष्कळांना माहीत नसतं. साध्या डायफ्रामच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की पेडल जड होतं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, डायफ्रामचा कोन बदलतो आणि स्प्रिंग तिच्या जास्त भाराच्या टप्प्यात जाऊन बसते. म्हणून ७०–८० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत पेडल जड झालं आणि क्लच पकडायची जागा वर सरकली, की प्लेट संपत आली असं धरून चला. झीज आपोआप भरून काढणारे सेल्फ अॅडजस्टिंग क्लच काही गाड्यांत असतात, त्यांत हा फरक फार जाणवत नाही. मात्र ते बसवताना योग्य टूल वापरलं नाही, तर त्यांची रिंग चुकीच्या जागी जाते आणि नवाकोरा क्लच पहिल्या दिवसापासून बिघडतो.

एका दिवसात, अचानक जड झाला तर?

पेडलच्या वर टॉर्चने बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे एक मदतीची स्प्रिंग असते. पेडल वर असताना ती त्याला वरच ढकलते, पण पेडल मधल्या बिंदूच्या खाली गेलं की तीच स्प्रिंग पायाच्या बाजूने जोर लावते. ती तुटली किंवा तिचा प्लॅस्टिकचा बुश निसटला, की "काल ठीक होतं, आज जड झालं" असं होतं. काम अर्ध्या तासाचं. काही जण पेडलचा "फील" यावा म्हणून ही स्प्रिंग मुद्दाम काढतात. ट्रॅकवर चालवणाऱ्याला ते चालेल, पण रोज भुसावळ–जळगाव ये-जा करणाऱ्याने काढू नये.

पेडलला वेगळ्या जागी भोक पाडून तरफ वाढवता येते का?

येते, पण मोजून. यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. गॅरेज सुरू केलं त्या वर्षी एका मित्राच्या गाडीचं पेडल मी असंच हलकं केलं. टेकूपासून पायाच्या पॅडपर्यंत ३०० मिलिमीटर, टेकूपासून पुशरॉडपर्यंत ५०, म्हणजे सहास एक. मी भोक ४४ वर घेतलं, गुणोत्तर पावणेसातच्या वर गेलं. पेडल १२ टक्के हलकं झालं, मित्र खूश. पण पेडलचा पॅड १४० मिलिमीटर खाली जात होता, आणि तेवढ्यात पुशरॉड पूर्वी २३ मिलिमीटर सरकायचा तो आता साडेवीसच सरकू लागला. त्या अडीच मिलिमीटरमुळे क्लच पूर्ण सुटेना. पहिला आणि दुसरा गिअर टाकताना अडायचे, मित्र जोर लावून टाकत राहिला, आणि चार महिन्यांत गिअरचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा गेल्या. गिअरबॉक्सचा खर्च मी भरला. तेव्हापासून भोक पाडण्याआधी रिलीज बेअरिंग किती सरकतंय आणि किती सरकायला हवं, हे मोजल्याशिवाय मी ड्रिल हातात घेत नाही.

पेडलच्या प्रवासात, म्हणजे खाली जाण्यात, शिल्लक असेल तर ३००/४६ सारखा छोटा बदल, म्हणजे आठ टक्क्यांचा फायदा, निर्धोक मिळू शकतो. वेल्डिंग केलेलं पेडल मात्र वापरू नका. ते घाटात तुटलं तर काय होईल याचा विचार करा.

मास्टर सिलिंडर लहान बसवला तर?

हायड्रॉलिक क्लचसाठी हा सगळ्यात नेमका उपाय आहे, कारण आकडे आधीच काढता येतात. मास्टर सिलिंडरचं बोअर (आतला व्यास) १९.०५ मिलिमीटर असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ २८५ चौरस मिलिमीटर. १७.४६ च्या बोअरला २३९, १५.८७ च्या बोअरला १९८. १९.०५ वरून १७.४६ वर आलात तर जोर १६ टक्के कमी लागतो, पण तेवढंच ऑइल ढकलायला पिस्टन १९ टक्के जास्त सरकवावा लागतो. थेट १५.८७ वर उडी मारली तर जोर ३० टक्के कमी आणि प्रवास ४४ टक्के जास्त. एवढा प्रवास बहुतेक पेडलांत नसतो. म्हणून माझं मत एक पायरी खाली, त्यापेक्षा जास्त नाही.

गिअरबॉक्सच्या आत बसणारा गोल स्लेव्ह सिलिंडर असेल तर उलटी काळजीही घ्यावी लागते. मोठ्या मास्टरने तो गरजेपेक्षा जास्त सरकला तर त्याचं सील बाहेर येतं, आणि मग गिअरबॉक्स उतरवण्यावाचून सुटका नाही.

रिमॅप केलंय. कुठला "स्टेज" क्लच घेऊ म्हणजे पेडल हलकं राहील?

क्लचच्या ताकदीची पायरी सांगणारा स्टेज हा शब्द विसरा, प्रत्येक उत्पादकाचा स्टेज वेगळा असतो. टॉर्कचा आकडा विचारा.

रावेरचा एक तरुण टर्बो सेदान घेऊन आला होता. घरचा केळीचा व्यवसाय, पहाटे वडील तीच गाडी घेऊन शेतावर जायचे. दुसऱ्या शहरात त्याला रिमॅपसोबत ५५० न्यूटन मीटरचा क्लच बसवून दिला होता. डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर इंजिनचा टॉर्क ३३०. म्हणजे २२० न्यूटन मीटरचा बोजा तो आणि त्याचे वडील रोज पायाने विनाकारण उचलत होते. वडिलांनी गाडी चालवणं सोडून दिलं होतं, तेच त्या मुलाला लागलं होतं. आम्ही ४०० च्या क्षमतेचा, मूळ मापाचाच पण मूळ प्रेशर प्लेटपेक्षा थोडा कडक आणि चांगल्या ऑरगॅनिक (नेहमीच्या, मऊ पकडीच्या) अस्तराचा सेट बसवला. गेजवर २१० चे १४० आले. पुढच्या सर्व्हिसला गाडी वडील स्वतः घेऊन आले.

इंजिनच्या खऱ्या टॉर्कपेक्षा २० ते २५ टक्के जास्त क्षमता रस्त्यावरच्या गाडीला भरपूर आहे.

अस्तराचा प्रकारही महत्त्वाचा. सिरॅमिक किंवा सिंटर्ड गुटक्यांच्या प्लेटचं घर्षण जास्त, त्यामुळे कमी दाबात जास्त टॉर्क पेलतो आणि पेडल हलकं ठेवता येतं. पण त्या पकडतात झटक्यात. जळगावात आकाशवाणी चौकातून संध्याकाळी सहाला गाडी काढायची असेल तर ऑरगॅनिकच बरं. थोडं जड चालेल, पण गाडी अंगावर उडी मारणार नाही.

ट्विन प्लेट क्लचने खरंच पेडल हलकं होतं?

हो, आणि हा या विषयातला सगळ्यात सुंदर उपाय आहे. वरच्या गुणाकारात घासणाऱ्या बाजू दोन होत्या, दोन प्लेट घातल्या की चार होतात. ४०० न्यूटन मीटरसाठी ७४०० न्यूटन दाब लागत होता, तो ३७०० वर येतो. दाब निम्मा झाला की पायावरचा भारही जवळपास निम्मा. म्हणून प्रचंड ताकदीच्या गाड्यांत लहान व्यासाचे, अनेक प्लेटांचे क्लच असतात.

द्यावं काय लागतं? पैसे, एक. दुसरं, दोन प्लेट पूर्ण सुटायला प्रेशर प्लेट जास्त उचलावी लागते, म्हणजे पुन्हा प्रवास. तिसरं, न्यूट्रलला क्लच दाबलेला असताना मधल्या प्लेटचा खडखडाट येतो, आणि तो बिघाड नसतो. रस्त्यावर चालवायचा असेल तर हबमध्ये (मधल्या भागात) स्प्रिंगा असलेल्या प्लेटचाच सेट घ्या. ४०० च्या आतल्या इंजिनला मी ट्विन प्लेट सुचवत नाही.

ट्रकला असतो तसा बूस्टर कारला बसेल का?

ट्रक-बसचा बूस्टर हवेवर चालतो. त्यांच्यात ब्रेकसाठी कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाक्या असतातच, कारमध्ये नसतात. कारसाठी इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा छोटा सर्व्हो, म्हणजे पायाला मदत करणारा भाग, मिळतो. पेट्रोल टर्बोला बूस्टच्या वेळी (टर्बो हवा दाबत असताना) व्हॅक्यूम नसतो, म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह आणि छोटी टाकी लागते. डिझेलला पंपाचा व्हॅक्यूम असतो, पण तो ब्रेकसाठी आहे. क्लचने तो खाल्ला आणि ब्रेक कडक झाला तर? कन्नड घाट उतरताना हा धोका मी कुणालाही घेऊ देणार नाही. स्वतंत्र टाकी असेल तरच.

कंपन्यांनीही मदतीचा मार्ग वापरलेला आहे. पोर्शेच्या ९९६ पिढीच्या ९११ टर्बोमध्ये क्लचला पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबाची मदत मिळते. पण त्यातला दाब साठवणारा भाग किंवा स्लेव्ह बिघडला की तेच पेडल एकदम जड होतं, आणि काही मालक शेवटी मदतीशिवायचा साधा स्लेव्ह बसवतात. जेवढे जास्त भाग, तेवढ्या बिघडायच्या जागा.

क्लच डिले व्हॉल्व्ह काढला, स्टीलच्या जाळीची होज टाकली. हलका होईल?

नाही. ऑइलचा वेग रोखणारा हा व्हॉल्व्ह काढल्याने क्लच लवकर पकडतो, होजने (ऑइलच्या नळीने) पेडल नेमकं वाटतं. भार तोच राहतो.

ब्रेक ऑइल बदलून फरक पडतो का?

हायड्रॉलिक क्लचमध्ये हेच ऑइल असतं. जडपणात फरक क्वचित. पण उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि जुनं ऑइल हवेतलं पाणी पिऊन बसलेलं असतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजा असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. गोल स्लेव्ह क्लचच्या शेजारीच तापतो. लळिंगच्या चढावर हाफ क्लच केला की ऑइल उकळतं आणि पेडल पोकळ होऊन खालीच राहतं. दोन वर्षांनी बदला. ब्रेक ऑइलच्या सिस्टीममध्ये खनिज तेल मात्र चुकूनही टाकू नका. रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतो, आणि तेव्हा पेडल खरोखरच जड होतं.

जड क्लचने इंजिनचंही नुकसान होतं का?

होतं. पेडल दाबता तेव्हा तो सगळा जोर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो. तो झेलायला चंद्रकोरीच्या आकाराचे दोन पातळ थ्रस्ट बेअरिंग असतात. सकाळी ऑइल खाली उतरलेलं असताना क्लच दाबून स्टार्टर मारला की ते कोरडेच घासतात. गरजेपेक्षा कडक प्रेशर प्लेट लावलेल्या इंजिनांत हे बेअरिंग लवकर जातात, आणि क्रँक पुढे-मागे खेळायला लागतो. जास्त दाबामुळे पेडलमागचा पत्रा वाकतो, कधी वेल्डवर चिरतो. पेडल दाबताना मास्टर सिलिंडर हलताना दिसला, तर आधी तो पत्रा मजबूत करून घ्या. वाकणाऱ्या पत्र्यात तुमचा प्रवास वाया जातोय.

स्प्रिंगच्या पाकळ्या कापून किंवा पॅकिंग देऊन दाब कमी करून देणारे मिस्त्री आहेत. करावं का?

करू नये. हलकं लागेल, पण क्लच घसरेल, तापेल, प्लेट जळेल. पाकळी तुटली तर हाऊजिंगचंही नुकसान करू शकते.

काहीच खर्च न करता पायाला आराम मिळेल का?

बराच. पेडल तळाला असतानाही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. पाय पूर्ण ताणला तर जोर मांडीऐवजी घोट्यावर येतो. पायाखाली दोन मॅट टाकलेल्या असतील तर एक काढा. पाय पेडलवर ठेवायची सवय असेल तर डाव्या बाजूच्या टेकूवर ठेवा. सिग्नलला न्यूट्रल करा.

चाळीसगावहून वर घाटात वाहतूक अडकली की गाडी इंचाइंचाने पुढे घेऊ नका. पुढे दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्या, मग हँडब्रेक सोडून एकदाच पुढे जा. तासाभरात शंभर वेळा क्लच दाबायचा तो वीसवर येतो. एवढं करूनही गुडघा सुजत असेल तर आधी डॉक्टर, मग गॅरेज.

सगळं करायचं तर क्रम काय ठेवू?

वरून दिसणारं आधी: मॅट, मदतीची स्प्रिंग, पेडलचे बुश, केबल किंवा मास्टर. त्याने भागलं नाही तरच गिअरबॉक्स उतरवा. एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्कची गोळी, मार्गदर्शक नळी, गोल स्लेव्ह असेल तर तोही आणि इंजिनचं मागचं ऑइल सील, सगळं त्याच वेळी बघून घ्या. मजुरी एकदाच लागते. "बेअरिंग चांगलं आहे, राहू द्या" असं म्हणून वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवताना तिप्पट जातात.

काम झाल्यावर बरोबर झालंय हे मी कसं तपासू?

गेजचा आधीचा आणि नंतरचा आकडा मागा. मग इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र आवाज आला तर क्लच सुटत नाहीये, गाडी तशीच परत द्या. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला, २००० आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. काटा वर पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. या दोन्हींत पास झाली की शेवटची परीक्षा आम्ही मालकाकडून करून घेतो: संध्याकाळी अजिंठा चौफुलीपासून शहरातून एक फेरी, आणि शेजारच्या सीटवर घरातलं जे माणूस ती गाडी रोज चालवणार आहे ते. येताना स्टिअरिंग त्यांच्या हाती द्यायचं.